सगळ्यांचा एकच पणजोबा

गिरणीवाल्या मावशींचा आवाज मोठा होता. ज्या बाईचं निम्मं आयुष्य दहा एचपीच्या मोटरशेजारी गेलं, तिचा आवाज बारीक राहील कसा? घरात त्या नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, मीठ संपलंय," आणि नवरा उठायच्या आत शेजारून मीठ यायचं. नवऱ्याला मात्र ऐकू येत नसे. खरं तर येत असे, पण मोटरनं याचे कान गेले अशी गावाची एकदा समजूत झाल्यावर त्यांनी ती मोडली नाही. संसारात माणसाला अशी एखादी सवलत मिळाली तर ती सोडू नये, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण मग उत्तर ऐकावं लागलं असतं.

गिरणी म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. मध्ये जातं, त्याच्या डोक्यावर धान्य ओतायचं पत्र्याचं मोठं नसराळं, खाली पीठ पडायची कापडी नळी, दाराशी वजनकाटा आणि भिंतीला टेकून एक बाक. सगळ्यावर पिठाचा थर. कोळ्याची जाळीसुद्धा पीठ बसून सुतळीसारखी जाड झालेली. मावशींचे केस, भुवया, पापण्या पहिल्यापासून पांढऱ्याच, त्यामुळे त्या म्हाताऱ्या कधी झाल्या ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

लोक दळणाचा डबा आणून ठेवत आणि आपल्या कामाला निघून जात. यात काय विशेष, असं ज्याला वाटेल त्यानं कधी गिरणी चालवलेली नाही. दळलेलं पीठ दिलेल्या धान्याइतकं कधीच भरत नाही. थोडं उडतं, थोडं दगडात राहतं. उडालेलं पीठ नेमकं कुणाच्या घरात जाऊन बसतं, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत असतो. मावशींच्या गिरणीत तो कुणाच्या डोळ्यांत नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि धास्तीही होती. धास्तीचं कारण पुढे येईल.

काही लोक मात्र डबा ठेवून जात नसत, बाकावर बसून राहत. ते मावशींच्या गोष्टींसाठी. आसपासच्या साऱ्या मुलखाची माहिती त्या बाईच्या जिभेवर होती. माळावरचा तो एकटा धोंडा म्हणजे पूर्वीचा एक जावई. सासुरवाडीला आला, बसला आणि उठायचं नावच घेईना, शेवटी तिथंच त्याचा दगड झाला. वळणावरच्या घराचं दार मागच्या बाजूला आहे, कारण त्या घरातल्या थोरल्या जावेनं धाकटीचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतली आणि नवऱ्याकडून घराचंच तोंड फिरवून घेतलं. अशा गोष्टी. खऱ्या किती, ते विचारू नये. धोंडा आहे, दारही मागे आहे, याहून जास्त पुरावा मागणाऱ्यानं शहरात जाऊन राहावं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मोटर चालू असताना गिरणीत ओरडून उपयोग नसतो. मावशींना गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्याच्या कानाला तोंड लावूनच सांगावी लागे. त्यामुळे एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईनं सांगितलेलं एका वेळी एकाच कानात जाई, आणि शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नसे. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.

घोटाळ्याचं मूळ होतं मावशींच्या आजोबांपाशी. हा आजोबा लांबच्या गावचा. मावशींचं लग्न ठरलं आणि सासरचं गाव कळलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, मी त्या गावात पाऊल टाकणार नाही. लग्नालाही आला नाही. वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी नातीला मागच्या अंगणात नेऊन म्हणाला, "पोरी, त्या गावच्या नदीत मी बुडत होतो. पूर होता. तिथल्याच कुणीतरी मला ओढून काढलं. कोण, ते मला ठाऊक नाही. अंधारून आलं होतं, पोटात पाणी गेलं होतं. शुद्धीवर आलो तो पळत सुटलो. आभारही मानले नाहीत. त्याच्या घरचं कुणी सापडलं तर माझ्या वतीनं तेवढं मान."

"पण पळालात कशाला?"

आजोबानं आधी आसपास कुणी नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाला, "बकरी चोरली होती. तिथलीच. ती खांद्यावर घेऊन नदी ओलांडत होतो. हे मात्र सांगू नकोस."

झालं. नवी नवरी सासरी आली ती हे ओझं घेऊन. बरं, सासरचा धंदा काय, तर गिरणी. परक्यांचं धान्य सांभाळायचा. चोराच्या नातीकडे कोण डबा ठेवून जाईल? तेव्हा मावशींनी ठरवलं, बकरीचं तोंडातून काढायचं नाही आणि आजोबाला काढणारा शोधायचा. एके दिवशी सुतार दळण घेऊन आला, तर त्याच्या कानाशी जाऊन त्यांनी सहज विचारलं, "पूर्वी पुरात उडी मारून कुणा परक्या माणसाला वाचवलं म्हणे, ते तुमच्याच घरातले का हो, पणजोबा वगैरे?"

सुतारानं थोडा विचार केला. "असणारच," तो म्हणाला.

मावशींना कोण आनंद झाला! त्या दिवशी त्यांनी सुताराचं दळण फुकट दळून दिलं. पण त्याच्या त्या "असणारच" मधला 'च' त्यांना खटकत राहिला. खात्री करावी म्हणून त्यांनी दूधवाल्याला विचारलं. दूधवाला म्हणाला, "हो तर! आमच्या घराण्याचं रक्तच तसं आहे." किराणा दुकानदाराला विचारलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शूर पणजोबा कुणी नाकारत नाही हो. आयता दारी आलेला, खायला मागत नाही, जागा अडवत नाही. नको कोण म्हणेल?

मग मावशींनी विचारणं सोडलं आणि सांगणंच सुरू केलं. यातला एक तरी खरा असेल, त्याला आपोआप मान मिळेल, असा त्यांचा हिशेब. सांगता सांगता गोष्ट रंगली. पणजोबांनी उडी मारण्याआधी चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या, हे मावशींनी पदरचं घातलं. लोकांना तेच सगळ्यांत जास्त आवडलं. आणि प्रत्येकाला त्या शेवटी बजावत, "तुम्हाला म्हणून सांगितलं. बाहेर बोलू नका, लोकांना पाहवत नाही." त्यामुळे वर्षानुवर्षं गावातलं प्रत्येक घर आपला पणजोबा गुपचूप जपत राहिलं.

एकाच घराला तो मिळाला नाही. शिंपीणकाकूंच्या.

कारण अगदी साधं. गिरणीच्या पहिल्याच दिवसांत मावशींनी काकूंचा गहू मक्यावर दळला. दगडात आधीच्या दळणाचं थोडं राहतंच, त्यामुळे काकूंच्या पांढऱ्या पिठात पिवळे डाग आले. काकू भांडायला आल्या. मावशी तेव्हा तरुण, जीभ तिखट. म्हणाल्या, "मूठभर मक्यानं काय घर बुडतं का?" तेव्हापासून दोघींचा अबोला. गावात दुसरी गिरणी नव्हती आणि दुसरा शिंपीही नव्हता, म्हणून काकूंचं दळण शेजारणीबरोबर यायचं आणि मावशींचे कपडे शेजारणीच्या नावानं शिवायला जायचे. काकू माप बघून ओळखायच्या आणि काखेत हमखास घट्ट करून पाठवायच्या. अशा बाईला मावशी पणजोबा देतील? शक्यच नव्हतं.

इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग हेडमास्तर निवृत्त झाले. कामात असताना त्यांनी फक्त मुलांना छळलं होतं, आता अख्खं गाव मोकळं सापडलं. त्यांनी शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठरवला: आपले पूर्वज, आपल्या तोंडून. प्रत्येक घरातल्या एकानं उठून आपल्या घराण्याची एक गोष्ट सांगायची. अध्यक्षपदी गिरणीवाल्या मावशी.

मावशी दोन दिवस हवेत होत्या. तिसऱ्या दिवशी सुतार आला आणि कानाशी म्हणाला, "मावशी, ते पणजोबांचं पुन्हा एकदा सांगा की. कार्यक्रमात सांगायचंय." त्याच्या पाठोपाठ दूधवाला. मग दुकानदार. मावशी धास्तावल्या. त्यांनी दूधवाल्याला वळवायचा प्रयत्न केला, "त्यापेक्षा तुमच्या आजोबांनी गाढवाशी शर्यत लावली होती, ते सांगा ना, किती मजेदार आहे."

"त्यात गाढव जिंकलं होतं," दूधवाला म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवशी मावशींनी नवऱ्यापुढे सगळं ओकून टाकलं. आजोबा, बकरी, पणजोबा, चपला, सगळं. "उद्या बकरीचं निघालं तर एक डबा येणार नाही आपल्याकडे. त्यापेक्षा मी आजारीच पडते."

"अध्यक्षाला आजारी पडता येत नाही," नवरा म्हणाला.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"बकरीचं मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. तू झोपेत बोलतेस. आणि तुझा आवाज…" एवढं बोलून ते पुन्हा बहिरे झाले.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं. मावशी स्टेजवर मधल्या खुर्चीत, काखेत घट्ट होणारे नवे कपडे घालून. पहिला सुतार उठला. घसा साफ करून म्हणाला, "आमचे पणजोबा नदीच्या काठानं चालले होते. पूर आलेला. एक परका माणूस वाहत येताना दिसला. सगळे नुसते बघत उभे. पणजोबांनी चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या, आणि घेतली उडी!"

टाळ्या पडल्या, पण जरा विचित्र पडल्या. पहिल्या रांगेतले बरेच जण टाळी वाजवायच्या ऐवजी सुताराकडे रोखून बघत होते. दुसरा नंबर दूधवाल्याचा. तो उठला तोच लाल होऊन. "आमचेही पणजोबा नदीच्या काठानं चालले होते," तो म्हणाला. चपलांपाशी आला तेव्हा मागची बाकं हसायला लागली. तिसरा दुकानदार. त्यानं "आमचे पणजोबा" एवढं म्हणताच सभागृहातून आवाज आला, "चपला काढल्या का?" हेडमास्तरांनी खिशातलं स्वतःचं भाषण हळूच आणखी आत ढकललं.

"चोर!" सुतार दूधवाल्याला म्हणाला. "माझा पणजोबा चोरला!"

"तुमचा? तुम्ही हौदाला घाबरता, तुमचा पणजोबा पुरात उडी मारतो?"

हेडमास्तर मध्ये पडले. "शांत व्हा. अनेकांनी एकाच वेळी उडी मारली असणंही शक्य आहे."

"मग काठावर चपलांचं दुकानच लागलं असेल," कुणीतरी म्हणालं. "बुडणारा एक आणि वाचवणारे एवढे! बिचारा गर्दीनंच गेला असता."

सगळे हसले, पण सुतार हसला नाही. त्याच्या मुलीचं लग्न दूधवाल्याच्या मुलाशी ठरलेलं होतं. तो उभा राहून म्हणाला, "खोट्या घरात मला मुलगी द्यायची नाही." दूधवाला म्हणाला, "खोट्या घरातली मला आणायचीच नाही." मुलगी रडायला लागली. मुलगा कधी बापाकडे, कधी सासऱ्याकडे बघत राहिला.

"विचारा मावशींना!" सुतार ओरडला. "त्यांनी स्वतः मला सांगितलंय."

"मलाही त्यांनीच सांगितलंय," दूधवाला म्हणाला.

"मलाही," दुकानदार म्हणाला. मग सगळीकडून "मलाही, मलाही" सुरू झालं आणि एकदम थांबलं. सगळ्या माना स्टेजकडे वळल्या.

मावशी उठल्या. त्यांना माईकची गरज कधीच नव्हती, पण आज आवाज फुटेना, तेव्हा हेडमास्तरांनी माईक पुढे सरकवला. रडणाऱ्या मुलीकडे बघून मावशींनी एकदा डोळे मिटले.

"भांडू नका. तो वाहत येणारा परका माणूस माझा आजोबा होता," त्या म्हणाल्या. "याच गावातल्या कुणीतरी त्याला काढलं. कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी नवी आले तेव्हा घरोघरी विचारलं. ज्याला विचारलं तो हो म्हणाला. मी तरी काय करायचं?"

 इथंच थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण हेडमास्तरांना अर्धवट उत्तर चालत नाही. "पण एवढ्या पुरात ते नदीत उतरलेच कशाला?"

थाप मारायला मावशींना कितीसा वेळ लागणार? पण आज त्यांना स्वतःचाच कंटाळा आला होता. "बकरी चोरून नेत होता," त्या म्हणाल्या. "याच गावातली."

मागे कुजबूज सुरू झाली. चोराची नात, असं कुणीतरी म्हणालं. दूधवाला म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आमचं दळण…" पुढचं तो बोलला नाही, पण न बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं. मावशी खुर्चीत बसल्या. आता काय काय जाणार ते त्यांना लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून शिंपीणकाकू उठल्या. मावशींशी तोंडावर बोलायची त्यांची मक्याच्या दिवसांनंतरची ही पहिलीच वेळ.

"त्याला दात होते का?"

"काय?"

"तुझ्या आजोबाला. दात चांगले होते का, विचारतेय."

"होते की," मावशी गोंधळून म्हणाल्या. "शेवटपर्यंत ऊस सोलून खायचा."

"तरीच!" काकू म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर तोडलं होतं त्यानं. पाण्यातून ओढताना कचकन चावला आणि सोडीचना. शिंप्याचा अंगठा तो! नंतर कात्री नीट धरता येईना. मग डाव्या हातानं धरून कापायला लागले. तसंच मुलाला शिकवलं. आमच्या यांनी मला शिकवलं."

सभागृहातले सगळे हात आपापल्या कॉलरीकडे गेले. या गावातल्या माणसाची कॉलर डाव्या अंगाला जरा झुकलेली असते. बाजारात, स्टँडवर आपला माणूस त्यावरून लांबून ओळखू येतो. ती तशी का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"आजोबा म्हणायचा, काहीतरी तोंडात आलं, ते मी घट्ट धरलं," मावशी हळूच म्हणाल्या. "त्याला वाटायचं, लाकूड होतं."

"आणि चपला?" दुकानदारानं आशेनं विचारलं. "चपला काढल्या होत्या का त्यांनी?"

"कसल्या चपला! अनवाणी होते. आणि वाचवायला कोण गेलं होतं? बकरी आमची होती! बकरी वाहताना दिसली म्हणून उडी मारली, तर तिला लटकलेला हा माणूस. एका हातात बकरी, दुसऱ्या हातात चोर. दोघं निघेनात. एकाला सोडावंच लागणार होतं." काकूंनी एक मूठ उघडून दाखवली. "बकरी सोडली त्यांनी. मरेपर्यंत स्वतःला शिव्या घालायचे. म्हणायचे, दूध देणारी सोडली आणि चावणारा धरला."

अख्खं सभागृह हसलं. मावशीही हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. दूधवाला मात्र अजून तिथंच अडकला होता. "काही म्हणा, चोर तो चोरच," तो म्हणाला.

काकू गर्रकन वळल्या. "चोर आमचा होता! बकरी आमची, अंगठा आमचा. त्याला नावं ठेवायची तर आम्ही ठेवू. तुमचं काय गेलं त्यात?"

दूधवाला खाली बसला. सुतारही बसला. दोघांच्याही पणजोबांनी उडी मारलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही घरं बरोबरीची ठरली आणि लग्नाला काही अडचण राहिली नाही.

मावशी स्टेजवरून उतरल्या आणि बाकांमधून वाट काढत शेवटच्या रांगेत गेल्या. आजोबाच्या वतीनं आभार कसे मानायचे, याचं भाषण त्यांनी कधीपासून मनात तयार ठेवलं होतं. चांगलं लांबलचक होतं. काकूंसमोर उभं राहिल्यावर त्यातला एक शब्द आठवेना.

"काकू," एवढंच त्या म्हणाल्या.

काकूंनी त्यांचा हात धरला. मघाचा कडक आवाज आता राहिला नव्हता. "शुद्धीवर आला तो तसाच पळाला गं, ओल्या अंगानं. अंगात ताप होता त्याच्या. सासरे शेवटच्या दुखण्यातसुद्धा विचारायचे, तो जगला का रे पुढं? कुणालाच सांगता यायचं नाही."

"जगला, काकू," मावशी म्हणाल्या. "चांगला जगला. म्हातारा झाला, नातवंडं खेळवली."

काकूंनी मान हलवली, डोळे पुसले, आणि बाकावर सरकून जागा केली.